पीआरआय काढून एसआयपी ट्रंक घेतला, येणारा कॉल ३२ सेकंदांत तुटतो. मदत हवी आहे

ऑफिसात ३० चॅनेलची पीआरआय (एकाच वेळी ३० कॉल नेणारी डिजिटल फोन लाइन) होती. ती काढून फायबरवर एसआयपी ट्रंक (आयपी नेटवर्कवरून चालणारी फोन लाइन) घेतला. ईपीएबीएक्स (ऑफिसचं आतलं फोन एक्स्चेंज) जुनाच, मध्ये दोन्हींना जोडणारा गेटवे बसवलाय. बाहेर जाणारे कॉल ठणठणीत. बाहेरून आलेला कॉल मात्र उचलल्यापासून बरोबर ३२ व्या सेकंदाला कट. स्टॉपवॉच लावून दहा वेळा मोजलं! तोवर आवाज दोन्हीकडे स्वच्छ, त्यामुळे कोडेकचा, म्हणजे आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा, प्रश्न वाटत नाही (जी.७११ ए-लॉ आहे).

राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलचे संदेश मध्येच बदलणारं फीचर) बंद केलं, यूडीपी ५०६० (एसआयपीचा पोर्ट) उघडला, गेटवेचं फर्मवेअर बदललं. फरक शून्य. ट्रेसमध्ये (संदेशांच्या नोंदीत) आमच्याकडून '२०० ओके' (कॉल उचलल्याचा संदेश) पुन्हा पुन्हा जातो, समोरून 'एसीके' (त्याची पोच) येतच नाही. कॉन्टॅक्ट हेडरमध्ये (पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते सांगणाऱ्या ओळीत) १९२.१६८ चा, बाहेरून न पोचता येणारा आतला पत्ता दिसतोय, संशय त्याच्यावरच आहे. ट्रंक देणाऱ्या कंपनीचे सपोर्टवाले म्हणतात, "लाइन ओके आहे, साहेब."

स्टॅटिक पब्लिक आयपी आहे. राउटर कंपनीचाच, ब्रिज मोड (पब्लिक आयपी थेट आमच्या उपकरणाला मिळेल अशी सेटिंग) देत नाहीत. ईपीएबीएक्स बदलायला बजेट नाही.

गेटवेत बाहेरचा आयपी हाताने टाकला की एवढ्यावर भागेल, की कंपनीच्या एसबीसीवरही (त्यांच्या नेटवर्कच्या सीमेवर कॉल हाताळणाऱ्या उपकरणावरही) काही बदलून घ्यावं लागेल? आणि ते मागताना नेमकं काय म्हणायचं?