आईला एडिनबरा कॅसल दाखवायचाय, गुडघ्यांचं काय करू? (ठाण्याहून जातोय, मे महिना)

पाचपाखाडीकर:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा काही विचारतेय. माझा धाकटा भाऊ एडिनबराला नोकरीला आहे आणि मे महिन्यात मी आईला घेऊन तीन आठवडे त्याच्याकडे जातेय. आई ७२ ची. ठाण्यातल्याच एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय तिने. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा तसाच रेटतेय, डॉक्टर म्हणाले अजून थोडं थांबू. सपाटीवर काठी घेऊन दहा-पंधरा मिनिटं चालते मग बसावंच लागतं, म्हणजे तलावपाळीला संध्याकाळी नेलं तर अर्धी फेरी होते आणि मग कट्ट्यावर बसून ती नावा बघते.

तिची एकच मागणी आहे, एडिनबरा कॅसल आतून बघायचाय, बाकी कुठे नाही नेलंस तरी चालेल म्हणते. भाऊ म्हणतो मॅनेज होईल गं, पण तो तिशीचा आहे आणि पळत वर जातो, त्याच्या मॅनेज होईलवर मला विसंबायचं नाहीये. माझी भीती जुनी आहे. तीन वर्षांपूर्वी आईला रायगडावर नेलं होतं, रोपवे आहे म्हणजे झालंच असं धरून चाललो, आणि वर उतरल्यावर पुन्हा मेणा दरवाज्याच्या पायऱ्या समोर. आई वर चढली पण त्या दिवशी रात्री गुडघा एवढा सुजला की पुढचे आठ दिवस घरात झोपून, आणि राजसदरेवर उभी असताना तिचं लक्ष परत उतरायचं कसं यातच होतं. तसं पुन्हा नको.

तर कुणी म्हातारी माणसं घेऊन गेलंय का तिथे? चढ किती आहे, आत गाडी मिळते का, व्हीलचेअर मिळते का (आई व्हीलचेअरला चक्क नाही म्हणतेय, ते वेगळंच), तिकीट कसं काढायचं, कोणत्या वेळी गेलेलं बरं? जे माहीत असेल ते सांगा प्लीज, छोटी गोष्ट असली तरी सांगा.

ऐरोली_सेक्टर_आठ:
ताई, मी चार वर्षं एडिनबरात होतो, आता परत ऐरोलीत आहे. सासूसासरे, आईवडील, मावशी असं करत सात-आठ वेळा तरी कॅसलला गेलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी वाईट बातमी. तो किल्ला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या कातळावर आहे, आपल्या गडांसारखाच, आणि दारातून आत गेलात की चढच चढ, तोही दगडी, उंचसखल गोटे बसवलेला. पोर्टकलिस गेटच्या आत डावीकडे लँग स्टेअर्स म्हणून सरळ ७० पायऱ्या आहेत, त्यांच्याकडे बघूही नका. पायऱ्या टाळून वळसा घेत जाणारा रस्ता आहे पण तोही उभा आहे आणि पाऊस पडला की दगड निसरडे होतात, आणि तिथे पाऊस कधीही पडतो.

आता चांगली बातमी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी किल्ल्याचीच एक छोटी गाडी असते, खालच्या एस्प्लनेडवरून (दारासमोरचं ते मोठं पटांगण) थेट वर क्राउन स्क्वेअरपर्यंत. फुकट आहे. पण एका वेळी अगदी थोडी माणसं बसतात, म्हणून गर्दीच्या वेळी थांबावं लागतं. आत शिरल्या शिरल्या तिथल्या माणसांना सांगायचं की आईला ही गाडी हवी आहे, आपण चालत निघालो आणि अर्ध्या वाटेत आठवलं असं करायचं नाही. व्हीलचेअरही तिथे वापरायला मिळते, पैसे लागत नाहीत. जायच्या आधी त्यांना ईमेल करून तारीख आणि गरज कळवा, म्हणजे तुमचाही जीव शांत राहील.

क्राउन स्क्वेअरचा फायदा असा की बघण्यासारखं जे मुख्य आहे ते सगळं त्या एका चौकाभोवती आहे. राजमुकुट, ग्रेट हॉल, रॉयल पॅलेस, युद्धस्मारक, आणि चहा प्यायला टी रूम्ससुद्धा. म्हणजे आई वर पोचली की तिला फार चालायचं नाहीये. मुकुटाचे आणि युद्धस्मारकाच्या आतले फोटो काढू देत नाहीत, ते आधीच सांगून ठेवा, माझ्या मावशीला वाईट वाटलं होतं.

तिकीट ऑनलाइन काढा, दारावरच्यापेक्षा स्वस्त पडतं आणि वेळेचा स्लॉट मिळतो, मे महिन्यात तर आधी काढलेलंच बरं. ६५ च्या पुढे सवलत आहे. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आईला मदतीची गरज आहे म्हणून तुम्ही सोबत जाताय ना, तर सोबतच्या माणसाच्या तिकिटाला पैसे लागत नाहीत. बुकिंग करतानाच ते निवडा. उन्हाळ्यात ९.३० ते ६ उघडा असतो, शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या एक तास आधी. पहिलाच स्लॉट घ्या, अकरानंतर टूरच्या बसेस येतात आणि मग चौकात बसायला बाक मिळत नाही.

पोचायचं कसं, तर वेव्हर्ली स्टेशन दरीत आहे आणि किल्ला डोक्यावर, नकाशात जवळ दिसतं म्हणून चालत निघू नका. काळ्या टॅक्सीला रॅम्प असतो, ती करा आणि शक्य तितकं वरपर्यंत न्यायला सांगा. तुम्ही मेमध्ये जाताय ते चांगलं, ऑगस्टमध्ये टॅटू (लष्करी बँडचा मोठा कार्यक्रम) असतो, पटांगणावर गॅलऱ्या उभ्या असतात आणि शहरात पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. आणि वारा! मेमध्येही वरती कानटोपी लागते, स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवंच. जोराचं वादळ असलं तर किल्ला बंदही ठेवतात, म्हणून तीन आठवड्यांतल्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिल्या आठवड्यात उरकून घ्या म्हणजे हुकलं तर दुसरी संधी राहते.

कासारवडवली_बाबा:
वरच्या दादांनी सगळं नीट सांगितलंय, मी फक्त व्हीलचेअरबद्दल लिहितो कारण तिथे माझं चुकलं होतं.

२०१८ ला मी वडिलांना घेऊन गेलो होतो, ते ७५ चे. व्हीलचेअर म्हटलं की चिडायचे, मी काय अधू झालोय का म्हणायचे. मी पण त्यांचा मान ठेवला, गाडीचं विचारलंच नाही, म्हटलं हळूहळू चढू. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं, तोफा बघितल्या, समुद्र दिसला, खुश होते. पुढचा चढ लागला आणि ते एका भिंतीला टेकून उभे राहिले. दहा मिनिटं, मग वीस मिनिटं. मला म्हणाले तू जाऊन ये, मी इथे बसतो. मी गेलो नाही. आम्ही तिथूनच खाली आलो, मुकुट नाही बघितला, काही नाही बघितलं. हॉटेलवर आल्यावर ते मला म्हणाले, तुझा दिवस वाया घालवला मी. मला आजही ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं. बाबा गेल्या वर्षी गेले.

म्हणून ताई, आईला व्हीलचेअर 'बसायला' आहे असं सांगू नका. तुझी शक्ती चढावर संपवायची की वर जाऊन बघण्यावर, एवढंच विचारा. इतिहास शिकवलेल्या बाईला हे पटेल असं मला वाटतं. हवं तर ती रिकामी ढकलत न्या, त्यावर बॅग ठेवा, काठीसारखी धरून चालू दे त्यांना, दमल्या की आपोआप बसतील. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत मी नंतर हेच केलं, तासाभरात बसल्या आणि मग दिवसभर खुर्ची सोडली नाही.

पाचपाखाडीकर:
दादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. ऐरोलीचे दादा, तुम्ही तर सगळा कार्यक्रमच आखून दिलात, गाडीचं मला अजिबात माहीत नव्हतं. दोन प्रश्न राहिले. वर गाडीने गेलो तर उतरायचं चालत की गाडीनेच? आणि दुपारी एक वाजता तोफ उडवतात म्हणे, आईला ती बघायचीच आहे, पण ती श्रवणयंत्र लावते, दचकली तर?

वाशी_फिजिओ:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्यांचे पेशंट रोजचे, म्हणून उतरण्याबद्दल मी सांगते. लोकांना वाटतं चढणं कठीण आणि उतरणं सोपं, गुडघ्याच्या बाबतीत उलट आहे. उतरताना प्रत्येक पावलाला वजन गुडघ्यावर येतं आणि मांडीच्या स्नायूंना ब्रेक लावत राहावं लागतं, दमलेल्या माणसाचा पाय तिथेच लचकतो. त्यात ओले दगड. त्यामुळे खाली पण गाडीनेच या, वर पोचलात की लगेच परतीचं विचारून ठेवा.

काठी कुठल्या हातात धरतात ते बघा. डावा गुडघा दुखतोय तर काठी उजव्या हातात हवी, निम्मे लोक उलट धरतात. एखाद-दुसरी पायरी लागलीच तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठीच्या खालचं रबर झिजलं असेल तर जायच्या आधी नवीन बसवा, पन्नास-शंभर रुपयाची गोष्ट आहे पण दगडावर तीच तारते. नवीन बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि महिनाभर इथे वापरू दे, तिथे जाऊन नवे बूट घालायचे नाहीत.

आत्तापासून रोज खुर्चीतून उठबस, हात न टेकता जमेल तेवढी, दिवसातून दोनदा, मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारून. उपवनला तलावाकाठी सपाट आहे तिथे चालवा, येऊरचा चढ वगैरे सराव म्हणून नको, उगीच डावा गुडघा दुखावून बसेल. विमानात दोन्हीकडे व्हीलचेअर मागा, तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी तरी कळवलेलं असावं. आणि दर तासाला घोटे वरखाली हलवायचे, जमेल तेव्हा उठून दोन पावलं चालायचं. किल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काही ठेवू नका, घरीच राहा.

ऐरोली_सेक्टर_आठ:
तोफेचं सांगतो. मिल्स माउंट म्हणून जागा आहे, अर्ध्या उंचीवर, तिथून उडवतात. १८६१ पासून चालू आहे, बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून सुरू केलेली. रविवारी, गुड फ्रायडेला आणि नाताळला नसते. आवाज खरंच मोठा होतो, आईंना दोन मिनिटं आधी यंत्र काढून खिशात ठेवायला सांगा आणि गर्दीच्या मागे उभे राहा. पण एक सुचवू का, क्राउन स्क्वेअरवरून खाली मिल्स माउंटला यायचं म्हणजे तोच उभा दगडी उतार. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी नाही तर दोन-तीन दिवसांनी खाली प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये बाकावर जाऊन बसा, बरोबर एकला आवाज तिथे छान येतो, किल्ला अख्खा समोर दिसतो आणि बाग बरीचशी सपाट आहे.

नौपाड्याची_वाचक:
तुमच्या आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या किल्ल्याचा आपल्याशी संबंध आहे. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई, आपल्या जालना जिल्ह्यातली, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, त्यात वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन स्कॉटिश हायलँडर पलटणी होत्या. ७४ वीची तर तिथे दाणादाण उडाली, शिंद्यांच्या तोफखान्याने. त्या पलटणींनी पुढे असईची आठवण म्हणून हत्तीचं चिन्ह मिरवलं. कॅसलच्या आतच नॅशनल वॉर म्युझियम आहे, वेगळं तिकीट नाही, स्कॉटिश पलटणींचा सगळा इतिहास तिथे मांडलाय. आणि बाहेरच्या पटांगणावर ७८ व्या पलटणीचा उंच दगडी क्रूस आहे, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या माणसांचा. शेकडो लोक त्याच्या बाजूने जातात, कुणी थांबत नाही. मी थांबले होते. आपण शाळेत ज्याला स्वातंत्र्यसमर म्हणून शिकलो त्याची दुसरी बाजू तिथे दगडात कोरलेली आहे, मला बराच वेळ तिथून हलता आलं नाही.

मुकुटाची गोष्टही आईंना आधी सांगून ठेवा, किंवा त्यांनाच ठाऊक असेल. १७०७ ला स्कॉटलंड-इंग्लंड एक झाल्यावर मुकुट, राजदंड आणि तलवार एका पेटीत घालून खोली बंद केली आणि लोक विसरले, १८१८ ला कादंबरीकार वॉल्टर स्कॉट आणि मंडळींनी पेटी उघडली तेव्हा सगळं जसंच्या तसं आत. राज्याभिषेकाचा दगड, स्टोन ऑफ डेस्टिनी, मात्र आता तिथे नाही, २०२४ पासून स्कॉटलंडमधल्याच पर्थच्या म्युझियममध्ये आहे. जुन्या पुस्तकात वाचून तो शोधत बसतील म्हणून सांगितलं. आणि रॉयल पॅलेसमध्ये एक एवढीशी खोली आहे, स्कॉटलंडच्या मेरी राणीने १५६६ मध्ये मुलाला जन्म दिला ती. ती चुकवू नका, पटकन नजरेतून सुटते.

पाचपाखाडीकर:
आत्ता रात्री जेवताना सगळा धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. कासारवडवलीच्या दादांचं वाचलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, त्यांच्या वडिलांना वाटलं असेल तसंच मला रायगडावर वाटलं होतं, तुला सांगितलं नाही. व्हीलचेअर घेऊया म्हणाली, पण रिकामी ढकलत न्यायची या अटीवर.

असईचं ऐकून मात्र उठून कपाटातून जुनी वही काढली, नववीच्या वर्गासाठी काढलेला लढाईचा नकाशा होता त्यात, कैलना नदी निळ्या पेन्सिलने रंगवलेली. ती वही बरोबर न्यायची म्हणतेय. उद्या भावाला ईमेल करायला सांगते गाडीसाठी, शनिवारचा पहिला स्लॉट बघतोय. आणि बागेत बसायचा दिवस आईनेच ठरवून टाकला, सोमवार, कारण रविवारी तोफ नसते.