रजिस्टरमध्ये न दिसणारं कुपोषण

विकसनशील देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांमध्ये न्यूमोनिया, जुलाब आणि मलेरियाच जास्त, असं म्हणतात आणि ते मला पटतं. पण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये बहुतेकदा एकाच आजाराचं नाव लिहितात आणि कुपोषण गळून पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या बालमृत्यूंशी त्याचा संबंध असतो. जुलाबाने भूक मरते, वजन घटतं, प्रतिकारशक्ती खालावते आणि तेच मूल पुढे न्यूमोनिया घेऊन परत येतं. नोंदीत मात्र हे दोन वेगळे रुग्ण! दाखल करतानाच दंडाचा घेर मोजायला हवा. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलात तो ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषण. आणि घरीच दगावलेली नवजात बाळं रुग्णालयाच्या या आकड्यांत येतच नाहीत, हे मला सर्वांत जास्त खुपतं.