मदत हवी आहे : पीसच्या एकाच कडेला बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) येतोय

मंडळी, भोसरीला आमचं छोटं प्रेस शॉप आहे. ६३ टनी सी-फ्रेम पॉवर प्रेसवर २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याचं ब्लँकिंग, म्हणजे पंच-डायने पत्र्यातून पीस कापणं, चालतं. आठवडाभर पीसच्या फक्त उजव्या कडेला बर येतोय, डावी कड स्वच्छ. पंच-डायला धार लावून आणली. दोनशे-तीनशे पीस नीट निघाले, पुन्हा तेच. क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) दर बाजूला ०.१२ मिमी आहे. नुसती धार गेली असती तर बर चारही बाजूंना आला असता ना? मला रॅमच्या (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाच्या) गिबचा, म्हणजे त्याला सरळ चालवणाऱ्या पट्ट्यांचा, संशय येतोय. आमचे फिटरकाका म्हणतात, बोल्स्टर (डाय जिच्यावर बसते ती प्रेसची जाड प्लेट) आणि डायच्या मध्ये कचरा असणार. (दोनदा पुसून झालं!) गिबचा ढिलेपणा डायल गेज लावून नेमका कसा मोजायचा? की गाइड पिलरचा डायसेट (खांबांच्या आधाराने पंच-डाय एका रेषेत ठेवणारा सेट) घेतला तर भागेल?