मॅड्रनच्या झाडांवरच्या चिंध्या काढाव्यात का?

रानवाटा: इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्सजवळ मॅड्रनची पवित्र विहीर आहे. विहीर कसली, झराच. तिथल्या झाडांना लोक चिंध्या बांधतात. रीत अशी की फडकं पाण्यात भिजवून बांधायचं. ते कुजत जाईल तसं दुखणं सरतं. हल्ली मात्र नायलॉनच्या रिबिनी आणि प्लास्टिक लटकतं. ते कुजायचं कधी? उलट फांदीच आवळली जाते. माझ्या मते न कुजणारं सगळं कापून काढावं.

चिंतोपंत: साफ असहमत. कुणाचा नवस खरा, हे ठरवणारे आपण कोण? १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या राजवटीनेही यात्रा बंद करायचे हुकूम काढलेच होते. तरी अठराव्या शतकात बोर्लेस नावाचा पाद्री याच झऱ्याबद्दल नाक मुरडत लिहितो, की लोक टाचण्या नि खडे टाकून बुडबुड्यांवरून कौल घेतात. तेव्हा टाचण्या, आज रिबिनी. रीत बदलणारच.

रानवाटा: हेन्रीला यात्रा नको होत्या, मला नायलॉन नको आहे. दोन्ही एकाच तागडीत कशाला घालता? टाचणीने झाड मरत नव्हतं.

शमा_७: तुमचं सगळं झाडावरच अडलंय. जवळच बिनछपराचं चॅपल आहे, झऱ्याचं पाणी तिथल्या कोपऱ्यातल्या कुंडात येतं. जॉन ट्रेलिल सोळा वर्षं हातांवर सरपटत होता, तो इथे आंघोळ करून चालू लागला. हे कुणा भाबड्याने नाही, सतराव्या शतकातले एक्सेटरचे बिशप जोसेफ हॉल यांनी स्वतः चौकशी करून लिहिलंय, आणि तेही असल्या विहिरींना न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे! ही आधी प्रार्थनेची जागा आहे. वारसा वगैरे नंतर.

खवट: एवढंच महात्म्य असेल तर कॉर्नवॉलमधल्याच ऑल्टरनन गावची विहीरही सांगा की ताई. तिथे वेड्यांना धक्का देऊन कुंडात उलथं पाडायचे आणि पार गळून जाईपर्यंत बुचकळायचे. कॉर्नवॉलची माहिती लिहिणाऱ्या रिचर्ड कॅर्यूने १६०२ साली लिहून ठेवलंय. तोही धर्मच का?

शमा_७: तो छळ होता, त्याची बाजू कोण घेतंय? पण त्यावरून मॅड्रनला येणाऱ्या आजाऱ्याची टिंगल कशाला?

चिंतोपंत: शिवाय मूळ झरा चिंध्यांपाशी नाहीच, पुढे दलदलीत आहे. म्हणजे लोकांनी जागासुद्धा आपल्या सोयीने हलवली. मग कापडावरच एवढा कडकपणा का?

रानवाटा: कारण जागा हलली तरी झाड जगतं. सुती चिंधी सैल बांधा, मी हात लावणार नाही. प्लास्टिक दिसलं की कात्री.

चिंतोपंत: आणि ते कुणी मेलेल्या लेकरासाठी बांधलेलं असलं तर?