मदत हवी आहे: रूम पार्टनरने एप्रिलात कूलर मला देऊन टाकला

नंदनवन_तिसरा_माळा (रात्री १०:५०)

बाहेरगावच्यांना हसू येईल, पण नागपूरवाल्यांनी सांगा. अर्धा एप्रिल झाला असताना कोणी आपला कूलर दुसऱ्याला देऊन टाकते का?

आम्ही दोघे नंदनवनला रूम करून राहतो, बीएस्सी फायनल. तो यवतमाळ जिल्ह्यातला. घरी कापूस-सोयाबीन, मोठा भाऊ शेती पाहतो. कूलर त्याचा, सेकंडहँड घेतलेला. दर मार्चमध्ये ताट्या स्वतः बदलतो, पंप स्वतः साफ करतो, मला हात लावू देत नाही. परवा मेसमधून आलो तर कूलर माझ्या खाटेकडे तोंड करून ठेवलेला. म्हटलं काहून बे? तर म्हणे, "ठेव तूच. मले आता कायले लागते." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ४३ डिग्रीत, पंख्याखाली.

मागचे थोडक्यात: दोन वर्षांपासून एका मुलीसोबत होता. फेब्रुवारीत तिचे साक्षगंध झाले. तिने सांगितले नाही, याला दुसऱ्याच्या स्टेटसवरून कळले. पंधरा दिवस रडला, चिडला. आम्ही त्याला फुटाळ्याला नेले, तर्री पोहे खाऊ घातले, वाटले निघेल यातून. मग हिवाळी परीक्षेचा निकाल लागला, दोन विषय बॅक. घरी सांगितलेले नाही.

आता रडत नाही, चिडतही नाही. एकदम शांत. मेसचा हिशेब चुकता केला. एका पोराचे आठशे रुपये होते, ते त्याच्या रूमवर जाऊन देऊन आला. रात्री तीनला उठलो की हा जागाच. काल म्हणाला, "मी नसलो तं बाबाले तू फोन करजो, भाऊले नको सांगू." मी म्हटलं काय बोलून राहिला? तर हसला, म्हणे मजाक होती. नंतर आईची शपथ घातली, कोणाला सांगायचे नाही.

मी उगाच घाबरून राहिलो का? सरळ विचारले आणि जे डोक्यात नव्हते तेच घुसले तर? एक मित्र म्हणतो दवाखान्यात नेले की पोलीस केस होते, करिअर संपते. खरे आहे का?

---

जिमवाला_भाऊ (रात्री १०:५८)

एका पोरीसाठी एवढं काय बे. जिम लावून दे त्याला, महिन्याभरात दुसरी भेटेल.

---

वॉर्डातली_रात्रपाळी (रात्री ११:०४)

आधी हे सांगा: तो आत्ता कुठे आहे? तुमच्यासोबत आहे की एकटा? उत्तर येईपर्यंत बाकीचे लिहिते.

मी मानसोपचार वॉर्डात काम करते. तुम्ही उगाच घाबरलेले नाही. वस्तू देऊन टाकणे, उसनवारी फेडणे, "मी नसलो तर", झोप उडणे, आणि खूप त्रासानंतर अचानक आलेली शांतता. यातले एकेक वेगळे पाहिले तर काही वाटणार नाही. सगळे एकत्र दिसले तर त्याला मजाक म्हणायचे नाही. जिमवाल्या भाऊंना सांगते, आम्ही आणलेल्यांना विचारतो तेव्हा बहुतेकांना आधी कोणीतरी हेच सांगितलेले असते. त्यानंतर त्यांनी बोलणे बंद केलेले असते.

विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. याचा अभ्यास झालेला आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते, कारण तोपर्यंत ते एकट्याने ओढत असतात. पण विचारायचे सरळ. "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असे विचारू नका. त्यात उत्तर आधीच भरलेले आहे, तो "नाही" म्हणणार आणि तुम्ही सुटल्यासारखे झोपणार. शब्द हेच वापरा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येऊन राहिले का?" मग गप्प बसा. पाच मिनिटे शांतता झाली तरी तुम्ही भरून काढू नका.

हो म्हणाला तर पुढचा प्रश्न, काही ठरवले आहे का, कधी. ठरवले असेल तर आज रात्री त्याला एका मिनिटासाठीही एकटा सोडायचा नाही आणि सरळ मेडिकल किंवा मेयो, या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत न्यायचे, ती रात्रभर चालू असते. नेता येत नसेल तर ११२. आणि आत्ता, तुम्ही स्वतःसाठीसुद्धा, १४४१६ लावा. टेलिमानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मित्र म्हणून फोन केला तरी चालतो.

---

नंदनवन_तिसरा_माळा (रात्री ११:१०)

गच्चीवर फोनवर बोलून राहिला आहे. मी जिन्यात बसून टाइप करतोय.

---

वॉर्डातली_रात्रपाळी (रात्री ११:११)

वर जा. फोन खिशात ठेवा आणि वर जा. खाली घेऊन या, चहाच्या निमित्ताने का होईना.

---

कोर्टाची_पायरी (रात्री ११:३२)

पोलीस केसचे मी सांगतो, कारण या भीतीपायी लोक दवाखाना टाळतात.

विचार येणे हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न करणे हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मध्ये गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालायचे, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली त्यात ३०९ सारखे कलम ठेवलेलेच नाही. (२२६ आहे, पण ते सरकारी नोकराला दबावात घेण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दल. तुमच्या मित्राचा त्याच्याशी संबंध नाही.) उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे हेही त्याच कायद्यात आहे. कॉलेजला कोणी पत्र पाठवत नाही. मित्राला सांगा, करिअर ओपीडीच्या चिठ्ठीने संपत नाही.

---

वर्धा_रोड_२०१९ (रात्री ११:४५)

मी तुझ्या रूम पार्टनरच्या जागी होतो. कारण वेगळे होते, घरचे आणि फीचे, पण खाट तशीच भिंतीकडे तोंड करून. माझ्या पार्टनरलाही मी शपथ घातली होती. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काकांना फोन केला. मी त्याच्याशी दोन महिने बोललो नाही. सगळ्यांना सांगत फिरलो की हा चुगलखोर आहे.

शपथेचे एक सांगतो. ती घालणारा माणूस अर्धा तरी पाहत असतो की हा मोडतो का. निदान माझे तसे होते. मला गुपित ठेवणारा नको होता, पण तसे म्हणायची लाज वाटत होती.

फक्त मागून करू नको. त्याच्या तोंडावर सांग, "शपथ मी पाळणार नाही, उद्या तुझ्या घरी फोन करणार. तू सोबत बस." चिडेल. चिडू दे.

---

धरमपेठची_काकू (रात्री ११:५२)

बाळा, मी दोन पोरांची आई आहे. घरी फोन करताना "तुमचा मुलगा असे म्हणून राहिला" असे एकदम नको. शेतकऱ्याच्या घरी रात्री अकराला फोन वाजला की माणसाचे अर्धे काळीज तिथेच जाते. ज्याला त्याने नको म्हटले त्या भावालाच लाव, सकाळी. "दादा, त्याची तब्येत बरी नाही, मनाची. जिवाला धोका नको म्हणून तुम्ही आज या" एवढेच. बॅक-बिक, पोरगी-बिरगी तू सांगू नको, ते त्याला सांगू दे.

आणि रागावू नको, घरी गेला तर घरातल्या गोळ्या-औषधे आणि फवारणीची औषधे कुलपात टाकायला सांग, किल्ली भावाजवळ. कठीण वेळ कधी कधी थोडीच असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नको.

तू जेवलास का रे?

---

नंदनवन_तिसरा_माळा (पहाटे ४:२०)

जेवलो. काकू, पारले-जी.

विचारले. तुम्ही सांगितले तेच शब्द, पण तोंडातून निघताना माझाच आवाज फाटला. तो पाच नाही, बहुतेक दहा मिनिटे गप्प होता. खाली कुत्री भुंकत होती तेवढीच. मग म्हणाला, "हो." बस. मग सगळे निघाले. मुलीचे कमी, बॅकचे जास्त. भावाने त्याच्या फीसाठी स्वतःचे लग्न पुढे ढकलले आहे. हे मला तीन वर्षांत माहीत नव्हते. मी आपला दोन महिने त्याला पोरीचे समजावत होतो.

ठरवले आहे का विचारले. हो म्हणून मान हलवली. मग १४४१६ लावला, स्पीकरवर. तिकडच्या बाई त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. त्यांनीही हेच सांगितले, एकटा सोडू नका, दवाखान्यात न्या. तो लगेच निघायला तयार नव्हता, मग खालच्या माळ्यावरचे दोघे उठवून आणले, ऑटो केली. आता मेडिकलमध्ये आहोत. डॉक्टरांनी पाहिले. त्याला झोप लागली आहे. मी बाकावर.

शपथेचे तोंडावर सांगितले. शिवी दिली त्याने.

---

वॉर्डातली_रात्रपाळी (पहाटे ४:३१)

शिवी दिली म्हणजे बोलतोय. पाणी प्या. सकाळी पाळी बदलेल तेव्हा नव्या डॉक्टरांना कूलर, आठशे रुपये, "मी नसलो तर" हे सगळे पुन्हा सांगा. तो स्वतः सांगणार नाही.

---

अमरावती_रोड_कॅम्पस (सकाळी ९:१५)

मी कॉलेजात शिकवतो. २०२२ च्या एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. आमच्या स्टाफरूममध्ये या आकड्यावर चर्चा झाली ती चहा संपेपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितले आहे की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. तुमच्या कॉलेजात आहे का?

---

नंदनवन_तिसरा_माळा (सकाळी ९:४०)

खोली आहे सर. पाटी आहे. कुलूपही आहे.

भाऊ गणेशपेठला उतरले, आता ऑटोत आहेत. त्यांना फक्त काकूंचे वाक्य सांगितले, त्यांनी एक शब्द विचारला नाही. "निघालो" म्हणाले.

---

नंदनवन_तिसरा_माळा (पाच दिवसांनी)

विचारणाऱ्यांसाठी. तीन दिवस भरती होता, आता गावाला आहे, भाऊ सोबत झोपतो. पुढच्या मंगळवारी मेडिकलच्या ओपीडीत दाखवायला येणार. बॅकचे त्यानेच भावाला सांगितले. भाऊ म्हणे, "एवढंच?" आणि बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही.

माझ्याशी अजून बोलत नाही. काल फक्त एक मेसेज आला: "पाणी टाकत जाय कूलरमंदी, पंप जळन."

एक प्रश्न आहे, त्यासाठी धागा वर आणला. उन्हाळी परीक्षेचा फॉर्म त्याच्या गैरहजेरीत कॉलेजातून भरता येतो का? कोणाला माहीत असेल तर सांगा.