पूर्वग्रह आणि भेदभाव वेगळे मोजावे लागतात
'मनात पूर्वग्रह असला की भेदभाव होतोच' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर प्रवास केला. तेव्हा तिथे चिन्यांविषयी उघड द्वेष होता, तरी २५१ हॉटेलं-खानावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी ग्राहक घ्याल का? १२८ उत्तरं आली, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त 'नाही'.

यावरून 'लोक बोलतात तेवढे वाईट नसतात' असं मात्र काढू नका (बरेच जण काढतात). सोबत गोरा प्राध्यापक होता, जोडप्याचं इंग्रजी अस्खलित होतं. शिवाय पत्राला उत्तर देणारा आणि काउंटरवरचा माणूस एकच असेलच असं नाही. म्हणून भेदभाव तपासायला नुसती प्रश्नावली पुरत नाही. त्यासाठी संशोधक बाकी सगळं सारखं पण नावं वेगवेगळ्या समाजांची असलेले नोकरीचे अर्ज पाठवून कोणाला बोलावणं येतं ते बघतात.