मदत हवी आहे: साडेचार एकर, सगळं सोयाबीन. जोखीम कशी वाटून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यात (जि. लातूर) आमची साडेचार एकर जमीन आहे. तीन एकर माळाची, दीड एकर ओढ्याकाठची भारी काळी. विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. शेती वडील बघतात, मी नोकरीमुळे सुट्टीला जातो. दहा-बारा वर्षं खरिपात सोयाबीन आणि जमेल तिथं हरभरा, हेच चालू आहे.

२०२५च्या सप्टेंबरात ओढ्याकाठचं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं. झाडावरच शेंगांना कोंब फुटले. माळावरचं काढून बनीम (गंजी) लावली, वर ताडपत्री टाकली, तरी खालून ओल लागलीच. सगळं मिळून अकरा क्विंटल झालं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता, पण सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागत होता, आमचा माल त्यात बसेना. खताबियाण्याची उधारी थांबत नव्हती, म्हणून ३६०० नं अडतीवर घातला. त्या दिवशी वडील घरी येऊन काहीच बोलले नाहीत.

पीक विम्याचं सांगतो, कारण गावात अजून बऱ्याच जणांना हा बदल माहीत नाही. एक रुपयात विमा होता तेव्हा ७२ तासांत कळवलं की आपल्या शेताची पाहणी व्हायची. खरीप २०२५ पासून सोयाबीनला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्के झाला आणि भरपाई एकेका शेतावर न राहता महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पन्नावर आली, त्यासाठी निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग होतात. ही सरासरी उंबरठा उत्पन्नाखाली गेली तरच पैसे. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे ७० टक्के. म्हणजे एकट्या आमच्या ओढ्याला पूर आला आणि मंडळात बाकी पीक बरं असलं, तर हाती काही नाही. तरी विमा सोडू नये असं माझं मत आहे, सगळीकडेच बुडालं तर तोच आधार. ओढ्याची जोखीम मात्र आमची आम्हालाच कमी करावी लागणार.

म्हणून विचारतो. ओढ्याकाठच्या दीड एकरात खरीप घ्यावाच का? माझ्या मनात आहे की ते रान मोकळं ठेवून रब्बी ज्वारी करावी, दोन जनावरांना कडबाही होईल. वडील म्हणतात, पावसाळ्यात रान पडीक ठेवणं बरं दिसत नाही. की बीबीएफ पद्धतीनं, म्हणजे रुंद वरंबे आणि मधे सऱ्या करून पेरलं तर इतकं पाणी निघून जातं? चिबडणाऱ्या (पाणी साचून राहणाऱ्या) रानात कुणी केलंय का?

माळावर सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन असं करायचं जवळपास ठरलंय. तुरीवरच्या मर रोगाची भीती आहे, टिकणारं वाण सुचवा.

आणि शेतमाल तारण. बाजार समितीत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं मिळते, मुदत सहा महिने. दहा-बारा क्विंटलवाल्याला गाडीभाडं, हमाली धरून ते परवडतं का?

मे महिन्यात बियाणं घ्यायचं आहे. भारी रानात खरीप सोडून नुसती रब्बी केलेलं कुणी असेल तर एकरी काय हाती आलं ते लिहा. वाईट वर्षाचा आकडाही सांगा, वडिलांना तोच दाखवायचा आहे.